समुद्रातील वहिवाट

शेजाऱ्याशेजाऱ्यांतील जुन्यात जुना वाद वहिवाटीचा असतो, हे ज्यांच्या घरी थोडीफार जमीन आहे त्यांना सांगावे लागत नाही. एकाच्या शेतातून दुसऱ्याची गाडी जाते. पहिल्या पिढीत ती विचारून जाते, दुसऱ्या पिढीत विचारण्याची गरज उरत नाही, आणि तिसऱ्या पिढीत कोणी बांधावर काटेरी कुंपण घातले की गाडीवाला मामलेदाराच्या कचेरीत जाऊन उभा राहतो. वाट आमची पूर्वापार आहे, असे तो सांगतो. जमीनवाला म्हणतो, आम्ही भलेपणाने जाऊ दिले, आता देत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने या भांडणाला एक कसोटी लावून दिली आहे. वीस वर्षे एखादी वाट उघडपणे, शांतपणे आणि अखंड वापरली गेली, एवढ्याने भागत नाही. ती हक्क म्हणून वापरली गेली पाहिजे. परवानगीने वापरलेली वाट शंभर वर्षे चालली तरी परवानगीचीच राहते.

हे सारे आम्हाला आठवले ते जमिनीमुळे नव्हे. इंडोनेशिया आणि सिंगापूर या दोन शेजाऱ्यांमधला संरक्षण सहकार्य करार २१ मार्च २०२४ रोजी अंमलात आला. सिंगापूरच्या सैन्याने इंडोनेशियाच्या पाण्यात आणि त्यावरील आकाशात युद्धाचा सराव कोठे, किती वेळा, कोणाला बरोबर घेऊन आणि कोणाच्या अनुमतीने करावा, हा त्याचा गाभा आहे. हा करार प्रथम २००७ मध्ये झाला होता. तो अंमलात यायला सतरा वर्षे लागली, याचे कारण शोधू गेल्यास आपण पुन्हा त्या बांधावरच येऊन पोहोचतो. गाडीच्या जागी युद्धनौका आहे, एवढाच फरक.

दूरच्या दोन देशांचे हे भांडण आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. उत्तर लेखाच्या ओघात येईल. त्यात दादरा-नगर हवेली आहे, नाशिकजवळची देवळाली आहे आणि लक्षद्वीपही आहे.

प्रथम इंडोनेशियाकडे पाहू. आपल्याकडे देशाला मायभूमी म्हणतात, मातृभूमी म्हणतात. देश म्हटला की पायाखालची माती डोळ्यांपुढे येते. इंडोनेशियाच्या भाषेत मायदेशाला 'तानाह आइर' म्हणतात. तानाह म्हणजे जमीन आणि आइर म्हणजे पाणी. सतरा हजारांहून अधिक बेटांच्या देशाला याहून नेमका शब्द सापडणे कठीण. परंतु १९४५ साली स्वातंत्र्य घोषित झाले तेव्हा या शब्दातले अर्धेच त्यांच्या हाती होते. डच राजवटीतील १९३९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक बेटाभोवती तीन सागरी मैलांचे पाणी त्या बेटाचे, आणि त्यापलीकडचे सर्वांचे. जावा आणि बोर्निओ यांच्यामधला समुद्र कायद्याच्या दृष्टीने अटलांटिकच्या मध्याइतकाच परका होता. पश्चिम इरियनच्या वादात डच युद्धनौका या बेटांमधून निर्वेधपणे फिरत राहिल्या, आणि त्यांना अडवण्याचा कायदेशीर आधार नव्या राष्ट्रापाशी नव्हता.

१३ डिसेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जुआंदा यांच्या सरकारने एक घोषणा केली. सर्वांत बाहेरच्या बेटांची बाहेरची टोके सरळ रेषांनी जोडावीत, आणि त्या रेषांच्या आतले सारे पाणी हा इंडोनेशियाचाच भाग समजावा, असा तिचा आशय. या कल्पनेला कायद्याची भाषा देण्याचे श्रेय मोख्तार कुसुमात्माजा या तरुण कायदेपंडिताला दिले जाते. पुढे ते परराष्ट्रमंत्री झाले. सागरी सत्तांनी ही घोषणा तत्काळ नाकारली. १९६४ मध्ये मलेशियाविरुद्धचा संघर्ष चालू असताना 'व्हिक्टोरियस' ही ब्रिटिश विमानवाहू नौका सुंदाच्या सामुद्रधुनीतून ऑस्ट्रेलियाकडे गेली. ती परत त्याच वाटेने येणार म्हणताच दोन्ही बाजूंचा पारा चढला. शेवटी ती लोंबोकच्या सामुद्रधुनीतून परतली आणि दोघांचीही अब्रू राहिली. आम्हाला हा प्रसंग बोलका वाटतो. वाट कोणाची हा प्रश्न तेव्हा सुटला नाही. फक्त दुसरी वाट काढली गेली.

जुआंदांच्या घोषणेला जगाची मान्यता मिळायला पंचवीस वर्षे लागली. १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात 'द्वीपसमूह-राष्ट्र' ही नवी संज्ञा आली आणि त्याच्या रेषांच्या आतील पाण्याला 'द्वीपसमूहीय जल' असे नाव मिळाले. त्या पाण्यावर, त्याच्या तळावर आणि वरच्या आकाशावर त्या राष्ट्राचे सार्वभौमत्व मान्य झाले. मात्र हे दान फुकट मिळाले नाही. त्याची किंमत तीन ठिकाणी चुकवावी लागली. एक, सर्व देशांच्या जहाजांना या पाण्यातून निरुपद्रवी गमनाचा हक्क राहिला. दोन, ठरावीक सागरी मार्गांवरून जहाजांना आणि विमानांनाही, युद्धनौका व लढाऊ विमाने धरून, आपल्या नेहमीच्या रीतीने अखंड आणि त्वरेने पार होण्याचा हक्क राहिला. तीन, लगतच्या शेजाऱ्यांचे काही जुने हक्क कायम राहिले. आपला वाद या तिसऱ्या कलमाचा आहे, पण पहिली दोन समजल्याशिवाय तो उलगडत नाही.

निरुपद्रवी गमन म्हणजे काय, हे करारानेच सांगितले आहे, आणि ते कशाने भंगते याची यादीही दिली आहे. कोणत्याही प्रकारच्या शस्त्रांचा सराव त्या यादीत अगदी वर आहे. सागरी मार्गांवरील हक्कही पार होण्यापुरताच आहे. थांबून डाव मांडण्याचा नाही. म्हणजे परक्या नौदलाला इंडोनेशियाच्या आतल्या पाण्यातून जाता येईल; तोफ डागता येणार नाही. तत्त्व स्वच्छ आहे, व्यवहार नेहमी तितका स्वच्छ नसतो. इंडोनेशियाने उत्तर-दक्षिण जाणारे तीन मार्ग आखले आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९८ मध्ये ते स्वीकारले. पूर्व-पश्चिम मार्ग मात्र आखलाच नाही. करार म्हणतो की मार्ग आखला नसेल तर रुळलेल्या वाटेने जाण्याचा हक्क राहील. जुलै २००३ मध्ये जावाच्या उत्तरेस बावेआन बेटावर अमेरिकी आरमाराची एफ-१८ विमाने घिरट्या घालताना दिसली आणि इंडोनेशियाची एफ-१६ त्यांना सामोरी गेली. विमाने 'कार्ल विन्सन' या नौकेच्या ताफ्यासोबतची होती. अमेरिकेच्या मते ती रुळलेल्या वाटेवर होती. इंडोनेशियाच्या मते ती त्याच्या अंगणात होती. जाणे कोठे संपते आणि सराव कोठे सुरू होतो, हे हजारो फुटांवरून ठरवणे सोपे नाही.

आता शेजारी. १८२४ मध्ये लंडनला बसून इंग्रज आणि डच यांनी मलय जगाची वाटणी केली. जोहोर-रिआउच्या एका सल्तनतीचे दोन तुकडे झाले. सिंगापूर इंग्रजांकडे गेले, समोरची रिआउ बेटे डचांकडे. ज्या ओरांग लाउत म्हणजे दर्यालोकांची घरे होड्यांतच होती, त्यांना ही रेषा कोणी दाखवली असेल असे वाटत नाही. आजचे सिंगापूर, भराव घालून वाढवलेली जमीन धरूनही, सुमारे ७३५ चौरस किलोमीटरचे आहे. बृहन्मुंबईहून थोडेसेच मोठे. लढाऊ विमानाने उड्डाण करून नीट वळण घ्यायचे म्हटले तर ते शेजाऱ्याच्या आकाशात गेलेच. सैन्य ठेवायचे आणि सरावाला जागा नाही, ही सिंगापूरची जन्मजात अडचण आहे. म्हणूनच त्याचे सैनिक ऑस्ट्रेलिया, तैवान, ब्रुनेई, थायलंड, अमेरिका अशा कितीतरी देशांत जाऊन शिकतात.

परंतु परदेशी विमानतळ वेगळा आणि दारातला समुद्र वेगळा. दक्षिण चीन समुद्राच्या नैर्ऋत्य भागात, रिआउ, अनांबास आणि नातुना बेटांच्या आसपास, सिंगापूरचे सैन्य पूर्वीपासून सराव करत आले. समुद्र कायद्याच्या करारातील ५१ वे कलम सांगते की द्वीपसमूह-राष्ट्राने इतर देशांशी असलेल्या विद्यमान करारांचा आदर करावा, आणि लगतच्या शेजाऱ्यांचे पारंपरिक मासेमारीचे हक्क व 'इतर न्याय्य व्यवहार' काही क्षेत्रांत मान्य करावेत. सारा कलह या दोन शब्दांत दडलेला आहे. लष्करी सराव हा 'न्याय्य व्यवहार' आहे का? सिंगापूरच्या बाजूने सांगितले जाते की होय, आहे. आम्ही येथे तुमच्या रेषा आखल्या जाण्याआधीपासून सराव करत होतो, तेव्हा हा मोकळा समुद्र होता, आणि तुम्ही आखलेल्या रेषेमुळे आमची वहिवाट नष्ट होत नाही. इंडोनेशियातील टीकाकारांचे उत्तर असे की परंपरा मासेमाराची असते, क्षेपणास्त्राची नसते.

आमच्या मते दोन्ही युक्तिवादांत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच कोणा एकाच्या बाजूने टाळी वाजवणे सोपे असले तरी उपयोगाचे नाही. सिंगापूरचे म्हणणे निव्वळ अरेरावीचे नाही. ज्या समुद्रावर काल कोणाचीच मालकी नव्हती तो आज एखाद्याच्या अंगणात गेला, तर काल तेथून ये-जा करणाऱ्याचे काय, हा न्यायाचाच प्रश्न आहे. करार घडवणाऱ्यांना तो दिसला होता. म्हणून तर ५१ वे कलम आले. मलेशियाच्या बाबतीत तर याहून स्पष्ट तरतूद झाली. त्या देशाचे दोन भाग इंडोनेशियाच्या पाण्याने दुरावले आहेत. इंडोनेशियाने फेब्रुवारी १९८२ मध्ये, म्हणजे जागतिक करारावर सह्या होण्याआधीच, मलेशियाशी स्वतंत्र करार करून त्याचे हक्क लिहून दिले. शेजाऱ्याची गरज खरी असेल तर ती लिहून मान्य करता येते, याचा हा उत्तम नमुना आहे.

पण त्याच ५१ व्या कलमातले पुढचे वाक्य अनेकदा वाचायचे राहते. असे हक्क तिसऱ्या राष्ट्राला किंवा त्याच्या नागरिकांना देता येणार नाहीत, त्यांच्याशी वाटून घेता येणार नाहीत, असे ते वाक्य आहे. येथे बारकाईने वाचणाऱ्या वकिलाला फट दिसते. आधीचे वाक्य 'हक्क आणि व्यवहार' दोहोंविषयी बोलते. हे वाक्य केवळ 'हक्कां'विषयी. मग 'व्यवहार' वाटून घेता येतील काय? अशा फटीतून जहाजे जातात. १९९५ मध्ये दोन्ही देशांनी सरावाच्या क्षेत्रांविषयी एक करार केला होता. २००३ मध्ये तो खुंटला. इंडोनेशियातील मोठी तक्रार हीच होती की सिंगापूर इतर देशांच्या सैन्यालाही त्या पाण्यात घेऊन येते. आमच्या शेतातून जाण्याची सवलत तुला दिली होती. तू गावभर पाहुण्यांच्या गाड्या का आणतोस, हा आक्षेप कोणत्याही शेतकऱ्याला समजेल.

२७ एप्रिल २००७ रोजी बालीतील ताम्पाकसिरिंग येथे नवा करार झाला आणि त्याच दिवशी गुन्हेगार हस्तांतरणाचा करारही. ही जोडी योगायोगाची नव्हती. १९९७-९८ च्या आर्थिक अरिष्टानंतर बँका बुडवून पळालेले लोक आणि पैसा सिंगापुरात आहे, अशी इंडोनेशियाची जुनी तक्रार होती. त्याला चोर हवे होते, सिंगापूरला पाणी हवे होते. सौदा झाला आणि लगेच फिसकटला. 'ब्राव्हो' नावाच्या क्षेत्रातील सरावाचे नियम कोणी आणि कसे ठरवायचे यावर अडले. इंडोनेशियाला सरावांची संख्या व अटी यांवर आपला अंकुश हवा होता. सिंगापूर म्हणाले की सही झाल्यावर अटी बदलता येणार नाहीत. जकार्तातील संसदेत आणि वृत्तपत्रांत, पळपुट्यांच्या बदल्यात सार्वभौमत्व विकले, अशी टीका झाली. करार पडून राहिला.

या टीकेमागे कलमांखेरीज आठवणीही होत्या. १० मार्च १९६५ रोजी सिंगापुरातील मॅकडोनल्ड हाऊसमध्ये इंडोनेशियाच्या दोन नौसैनिकांनी बॉम्ब ठेवला आणि तीन निरपराध माणसे मेली. १९६८ मध्ये त्या दोघांना फाशी झाली. एका काठावर ते खुनी, दुसऱ्या काठावर ते राष्ट्रवीर. १९७३ मध्ये ली क्वान यू यांनी जकार्तात त्यांच्या थडग्यांवर फुले वाहिली तेव्हा कुठे संबंध सुधारू लागले. आणि २०१४ मध्ये इंडोनेशियाने एका युद्धनौकेला त्यांचीच नावे दिली तेव्हा जखम पुन्हा वाहू लागली. ज्या दोन देशांत एवढे घडले आहे, त्यांच्यापैकी एकाने दुसऱ्याच्या पाण्यात तोफा चालवायच्या म्हणजे कायद्याइतकाच मनाचाही प्रश्न असतो.

अखेर २५ जानेवारी २०२२ रोजी बिंतानमध्ये तीन विषय एकत्र बांधले गेले: सराव, गुन्हेगारांचे हस्तांतरण आणि रिआउ-नातुनावरील आकाशातील हवाई वाहतुकीचे नियंत्रण, जे १९४६ पासून सिंगापूरकडे होते. २००७ चाच करार कायम ठेवून अंमलबजावणीचे तपशील पत्रांनी जोडले गेले. इंडोनेशियाच्या सार्वभौमत्वाचा पूर्ण आदर राखून सराव होईल, तिसऱ्या देशाला आणायचे तर इंडोनेशियाची अनुमती लागेल, मुदत पंचवीस वर्षांची, असा त्याचा सांगाडा. हवाई नियंत्रणाची हद्द इंडोनेशियाकडे आली. मात्र ठरावीक भागात ३७,००० फुटांखालची सेवा पंचवीस वर्षांसाठी पुन्हा सिंगापूरकडेच सोपवण्यात आली.

हा करार चांगला की वाईट? आमचे उत्तर एका कसोटीवर अवलंबून आहे, आणि ती कसोटी आपल्याच इतिहासातून मिळते.

जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे ही त्या मोहिमेतली नावे मराठी वाचकाला ठाऊक आहेत. तिचे पुढचे प्रकरण मात्र कमी सांगितले जाते. दमणहून आपले सैनिक भारताच्या भूमीतून या ठाण्यांपर्यंत नेण्याचा आपल्याला हक्क आहे, असा दावा घेऊन पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. तेथे पुणे दरबाराशी १७७९ मध्ये झालेला तह आणि पेशवाईतील सनदा यांचा कीस पडला. मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिले ते सरंजाम म्हणून, म्हणजे महसुलाचे उत्पन्न. राज्य नव्हे, असे न्यायालयाला आढळले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल आला. सुमारे सव्वाशे वर्षांच्या अखंड प्रघातामुळे सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क पोर्तुगालला आहे, असे न्यायालयाने मानले. सशस्त्र सैनिक, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्याबाबतीत मात्र आठ विरुद्ध सात मतांनी तो नाकारला. कारण सैन्य जेव्हा जेव्हा गेले तेव्हा ते परवानगीने गेले होते. जेथे दरवेळी परवानगी लागते तेथे हक्क नसतो. परवानगीची गरज हीच हक्काच्या अभावाची खूण.

समुद्रावरच्या वादाला जमिनीवरचा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. दादरा-नगर हवेलीच्या वाटेवर कोणाचे तरी राज्य आधीपासून होते. नातुनाच्या पाण्यावर ते नंतर आले. तरीही त्या निकालात एक शहाणपण आहे. वहिवाट सर्वांची सारखी नसते. धान्याच्या पोत्याची वहिवाट आणि बंदुकीची वहिवाट यांत न्यायालयाने भेद केला, आणि तो भेद ५१ व्या कलमाच्या शब्दरचनेतही दिसतो. मासेमारीचे हक्क तेथे 'पारंपरिक' म्हणून नावानिशी आले आहेत. बाकीचे व्यवहार 'न्याय्य' या मोघम विशेषणाच्या आडोशाला उभे आहेत, आणि दोघांपैकी कोणीही मागणी केल्यास त्यांच्या अटी आपसातील कराराने ठरवाव्यात असे कलमच सांगते. म्हणून आम्ही म्हणतो की परक्या सैन्याचा सराव परवानगीने, लेखी, मुदतीने आणि फिरून तपासता येईल असाच व्हावा. या कसोटीवर २०२२ चा करार बऱ्याच अंशी उतरतो. चोर आणि पाणी एका दोरीने बांधणे आम्हाला आजही अप्रशस्त वाटते. एकाचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यात मांडला की दोन्ही खाती अस्पष्ट होतात. पण 'आम्ही पूर्वीपासून करतो' याच्या जागी 'तुमच्या अनुमतीने करतो' हे शब्द आले, ही लहान गोष्ट नाही.

यजमानाने कसे वागावे हे सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? थोडा आहे. याच सिंगापूरचे सैनिक आपल्याकडेही येतात. नाशिकजवळच्या देवळालीत, जेथे भारतीय तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, तेथील माळावर सिंगापूरचे तोफखान्याचे जवान भारतीय जवानांबरोबर 'अग्नी वॉरियर' नावाचा सराव करतात. २०२२ आणि २०२४ मध्येही तो झाला. त्यांची विमाने पश्चिम बंगालमधील कलाईकुंडा तळावर येतात. त्यावरून देवळालीत किंवा दिल्लीत सार्वभौमत्वाचा गदारोळ झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. याचे कारण भारताच्या उदारपणात शोधू नये. तो माळ आपला आहे याविषयी कोणालाच, पाहुण्यालाही, शंका नाही. ज्याची मालकी निर्विवाद असते त्याला पाहुणचार जड जात नाही. इंडोनेशियाची चिडचिड समजून घ्यायची तर ज्या पाण्यावरची मालकी मिळवायला त्याला पंचवीस वर्षे भांडावे लागले, ते आठवावे लागते.

आणि समुद्रावर आपणही तेवढेच हळवे आहोत. २९ जून १९९५ रोजी समुद्र कायद्याचा करार स्वीकारताना भारताने एक निवेदन जोडले. किनाऱ्याच्या देशाच्या संमतीवाचून त्याच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात लष्करी सराव करण्याची, विशेषतः शस्त्रे किंवा स्फोटके वापरण्याची, मुभा हा करार इतरांना देत नाही, अशी आपली समजूत त्यात नोंदवली आहे. ७ एप्रिल २०२१ रोजी 'जॉन पॉल जोन्स' ही अमेरिकी विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेस सुमारे १३० सागरी मैलांवरून, भारताची संमती न मागता मुद्दाम गेली, आणि तसे जाहीरही केले गेले; तेव्हा आपल्याकडे किती संताप झाला ते वाचकांना स्मरत असेल. लक्षद्वीप हा द्वीपसमूह असला तरी भारत हे द्वीपसमूह-राष्ट्र नाही, कारण मुख्य भूमी असलेल्या देशाला ती संज्ञा मिळत नाही. म्हणजे इंडोनेशियाला त्याच्या आतल्या पाण्यात जेवढा अधिकार आहे तेवढा आपल्याला त्या १३० मैलांवर मुळीच नाही. तरी आपण संमतीचा आग्रह धरतो. आमच्या मते तो धरावा. पण मग जकार्ताने आपल्या रेषांच्या आत तोच आग्रह धरला तर त्याला संकुचित राष्ट्रवाद म्हणण्याचा अधिकार आपण गमावतो. आपले आरमारही आता दूरदूरच्या पाण्यात सराव करते. जो न्याय आपण मागतो तो आपल्याला पाळावाही लागेल.

समुद्र सर्वांचा, या तत्त्वाचा आम्ही अनादर करत नाही. पण त्याची जन्मकथाही ध्यानात असावी. १६०३ मध्ये सिंगापूरजवळच डचांनी 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज गलबत लुटले. त्या लुटीचे समर्थन करण्यासाठी कंपनीने ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाला लिहिते केले, आणि १६०९ मध्ये 'मारे लिबेरुम' म्हणजे मुक्त समुद्र हा ग्रंथ बाहेर पडला. एक उदात्त तत्त्व एका लुटीच्या खटल्यातून जन्मले. पुढे शतकभराने कान्होजी आंग्रे यांनी कोकणच्या पाण्यात जहाजांना दस्तक घ्यायला लावले. पोर्तुगीजांनी परवाने घ्यायला लावले होते तेव्हा तो राज्याधिकार होता. आंग्र्यांनी तेच केले तेव्हा इंग्रजांच्या कागदांत ते चाचे ठरले. त्याच सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी सावध केले. त्यांना समुद्रकाठी वखारीला जागा देऊ नये, देणेच पडले तर खाडीकिनाऱ्यापासून दूर, आपल्या नजरेखाली द्यावी, असा त्यातला भाव. परका नको असे अमात्य म्हणत नाहीत. परका कोठे बसेल हे घरधन्याने ठरवावे, असे म्हणतात.

एक पक्ष या साऱ्या चर्चेत आला नाही. अनांबास-नातुनाच्या बाजूच्या कोळ्याला ५१ वे कलम ठाऊक असण्याचे कारण नाही. क्षेपणास्त्राचा सराव असेल त्या दिवशी त्या पाण्यात होडी घालता येत नाही, एवढे त्याला समजते. आपल्या किनाऱ्यावरील कोळ्यालाही ते समजते, कारण नौदल आपले असो वा परके, बंद झालेला समुद्र सारखाच बंद असतो. पारंपरिक हक्काविषयी शेजारी राष्ट्रे भांडतात तेव्हा त्या पाण्यातील सर्वांत जुनी वहिवाट ज्याची, त्याला कोणी साक्षीला बोलवत नाही. पंचवीस वर्षांनी या कराराची मुदत संपेल आणि दोन्ही देश पुन्हा टेबलाशी बसतील. सिंगापूरला सरावाला जागा लागेलच, आणि ती चांगल्या शेजाऱ्याने द्यावीही. त्या बैठकीत सरावाच्या दिवसांचा हिशेब होईल तेव्हा होडी न घातलेल्या दिवसांचाही व्हावा, एवढे मात्र आम्हाला मनापासून वाटते.